पावशा, पिंगळा आणि तणमोर : वऱ्हाडातील पक्षिज्ञानाचा व पक्षिनावांचा इतिहास

१

एखाद्या माणसाला पाखरांचे वेड लागते ही गोष्ट व्यक्तिगत आहे. ते वेड दुसऱ्यापर्यंत पोहोचते, तिसऱ्याला लागते आणि कालांतराने त्यातून एक छंद, किंबहुना एक विद्याशाखा आकाराला येते, ही गोष्ट मात्र सामाजिक आहे. आणि म्हणूनच ती इतिहासाचा विषय होऊ शकते. पहिल्या गोष्टीला डोळे व कान पुरतात. दुसरीला नाव लागते. ‘काल मी एक पक्षी पाहिला’ असे कोणी म्हटले तर संभाषण तेथेच खुंटते. परंतु ‘काल मी चातक पाहिला’ असे म्हणताच ऐकणाऱ्याला होकार देता येतो, शंका काढता येते, प्रतिवादही करता येतो. पक्षिनिरीक्षणाच्या इतिहासात दुर्बिणीचे महत्त्व सर्वजण मानतात. नावाचे महत्त्व तितके ध्यानात घेतले जात नाही. वऱ्हाडातील, विशेषतः पातूर परिसरासारख्या प्रदेशातील, पक्षिज्ञानाचा मागोवा या एका सूत्राच्या आधारे घ्यावा, एवढाच प्रस्तुत निबंधाचा हेतू आहे.

पातूरची निवड करण्यास कारण आहे. अकोल्याहून वाशीमकडे जाणाऱ्या रस्त्यावर, पूर्णेच्या खोऱ्यातील काळ्या जमिनीचे मैदान जेथे संपते आणि अजिंठ्याच्या डोंगररांगेचा चढ जेथे सुरू होतो, तेथे हे गाव वसलेले आहे. डोंगराच्या कुशीतील कोरीव लेण्यांमुळे ते पुराणवस्तूंच्या अभ्यासकांना परिचित आहे. उत्तरेस शेतीचा सपाट मुलूख, दक्षिणेस घाट, पानगळीचे जंगल व माळरान आणि तालुक्यात मोर्णा व निर्गुणा या नद्यांवरील जलाशय, अशी येथील रचना आहे. शेतातील, रानातील, माळावरील आणि पाण्यावरील अशा चारही प्रकारच्या पाखरांचे सान्निध्य येथे थोड्या अंतरात लाभते. तद्वतच शेतकरी, पारधी, भिक्षेकरी जोशी आणि अलीकडच्या काळात शिक्षक व वनकर्मचारी, असे पाखरांकडे पाहणारे निरनिराळे समाजही या भागात एकमेकांच्या शेजारी नांदत आले आहेत. त्या प्रत्येकाचे पाहणे निराळे, आणि म्हणून प्रत्येकाची नावेही निराळी.

२

प्रथम शेतकऱ्यांची दृष्टी घेऊ. मृगाच्या आधी, वैशाख–ज्येष्ठात, रानातून पावशाचा चढत जाणारा स्वर ऐकू येऊ लागतो आणि शेतकऱ्याला तो ‘पेरते व्हा, पेरते व्हा’ असा ऐकू येतो. भाषाभ्यासकाच्या दृष्टीने हे उदाहरण मोठे उद्बोधक आहे. याच पाखराच्या याच स्वरात हिंदी भाषकाला ‘पी कहाँ’ अशी विरहिणीची पृच्छा ऐकू येते. बंगाली माणसाला ‘चोख गेलो’, म्हणजे ‘डोळा गेला’, असा आक्रोश ऐकू येतो. आणि उन्हाळ्याने त्रासलेल्या इंग्रजाला त्यात ‘ब्रेन फीव्हर’, म्हणजे मेंदूचा ताप, ऐकू आला. ध्वनी एकच, परंतु प्रत्येक समाजाने त्यात आपला व्यवसाय, आपले काव्य किंवा आपली व्याधी ऐकली. यावरून हे उघड होते, की पक्ष्याचे नाव हे केवळ ध्वन्यनुकरण नसते. ते त्या समाजाच्या जगण्यातून गाळून आलेले ध्वन्यनुकरण असते. मराठीतील ‘पावशा’ हे नाव तर स्वरावरून आलेलेच नाही. ज्या ऋतूची तो वर्दी देतो त्या पावसावरून ते आले आहे.

कावळ्याने बाभळीसारख्या काटेरी झाडावर घरटे केले तर पाऊस कमी, टिटवीने उंचवट्यावर अंडी घातली तर पाऊस अधिक, असे ठोकताळे शेतकरी समाजात सर्वत्र आढळतात. दसऱ्याच्या दिवशी नीलकंठाचे दर्शन शुभ मानण्याची रीत विदर्भात आहे. हे ठोकताळे खरे की खोटे, हा येथे प्रश्न नाही. घरट्याची जागा, अंड्यांची उंची, पाखरू दिसण्याचा महिना, या गोष्टी पिढ्यान्‌पिढ्या कोणीतरी पाहत आले आणि एकमेकांस सांगत आले, एवढे त्यांवरून निर्विवाद ठरते. निरीक्षणाची देवघेव म्हणतात ती हीच.

पारध्यांचे ज्ञान याहून सूक्ष्म होते, कारण त्यावर त्यांचे पोट अवलंबून होते. रसेल व रायबहादूर हिरालाल यांनी १९१६ मध्ये प्रसिद्ध केलेल्या मध्य प्रांतातील जातिजमातींच्या ग्रंथात पारध्यांच्या पोटविभागांचे वर्णन आहे. त्यांपैकी फासे पारधी हे नावाप्रमाणेच फासे मांडून हरणे व पाखरे धरणारे. तितर किंवा लावा फाशात आणावयाचा तर त्याची पायवाट, त्याची चरण्याची वेळ, त्याचा साद घालण्याचा स्वर, हे सर्व ठाऊक असावे लागते. शिकवलेला पाळीव तितर पिंजऱ्यात ठेवून त्याच्या सादेवर रानातील तितर बोलावण्याची युक्तीही प्रसिद्ध आहे. हे ज्ञान बापाकडून मुलाकडे, गुजरातीशी जवळचे नाते सांगणाऱ्या त्यांच्या घरच्या बोलीत, जात असे. परंतु १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्याने ज्या भटक्या समाजांवर संशयाचा शिक्का बसला त्यांत पारधीही होते. आणि ज्याच्याकडे संशयाने पाहावयाचे त्याच्यापाशी विद्या मागण्यास कोण जाणार? गावाच्या सीमेबाहेरचे हे ज्ञान त्यामुळे गावात शिरले नाही.

तिसरा वर्ग पिंगळ्यांचा. पहाटेच्या अंधारात कंदील व कुडमुडे घेऊन दारोदार भविष्य सांगणाऱ्या या जोश्याला पिंगळा या लहान घुबडाची भाषा कळते, असा समज आहे. पाखराचेच नाव माणसाला मिळाले आहे. येथेही पाखराचा आवाज ओळखणे आणि त्याचा अर्थ दुसऱ्यास सांगणे, या दोन्ही क्रिया आहेत. फक्त त्या अर्थाचा रोख पाखराकडे नसून यजमानाच्या दैवाकडे आहे.

या तिन्ही परंपरांची मर्यादा एकच. जे पाखरू शेतीला, शिकारीला वा शकुनाला उपयोगी, त्याचे नाव नेमके. जे निरुपयोगी, त्याचे नाव मोघम. लहानसे घुबड दिसले की ते पिंगळा. मग ते गावच्या पिंपळावरचे असो की सागाच्या जंगलातले. ही मर्यादा पुढे किती महाग पडली हे यथावकाश दिसेल.

३

या बोलीतील नावांना समांतर अशी ग्रंथांतील नावांची परंपरा आहे. ज्ञानेश्वरीपासून पुढे संस्कृत कविसंकेतांतून आलेले चातक, चकोर, चक्रवाक, हंस हे मराठी काव्यात सतत भेटतात. त्यांना स्वभाव आहे, पण रूप नाही. चकोर चांदणे पितो हे शिकलेल्या माणसाला माहीत असते. परंतु तो कसा दिसतो, हे विचारल्यास उत्तर येत नाही. याच्या उलट, पातूरच्या घाटात पावसाळ्याच्या तोंडावर येणारा, तुरा असलेला काळापांढरा कोकीळ ज्याने पाहिला असेल, त्याला बहुधा तोच काव्यातील चातक, हे सांगणारे कोणी भेटलेले नसते. हिवाळ्यात जलाशयावर उतरणारी तांबूस बदकांची जोडी हीच चक्रवाकांची जोडी, हेही तसेच. म्हणजे एकीकडे पाखरावाचून नाव आणि दुसरीकडे प्रतिष्ठित नावावाचून पाखरू, अशी ही फारकत होती.

व्युत्पत्तीच्या दृष्टीने पाहता ही फारकत मुळातली नव्हे. तित्तिर आणि तितर, लाव आणि लावा, टिट्टिभ आणि टिटवी, बक आणि बगळा, काक आणि कावळा या जोड्या एकाच प्रवाहातील आहेत. शेतकऱ्याच्या तोंडी शब्द जिवंत राहिला, झिजला, पाखराला धरून राहिला. ग्रंथात तो न झिजता राहिला, पण पाखरू त्याला सोडून गेले.

४

एकोणिसाव्या शतकात तिसरी परंपरा आली, ती पाश्चात्त्य शास्त्राची. टी. सी. जर्डन हा लष्करी वैद्य आपल्या पलटणीबरोबर काही वर्षे वऱ्हाडाच्या दक्षिणेस जालन्याच्या छावणीत होता. १८६२ ते १८६४ या काळात प्रसिद्ध झालेल्या त्याच्या भारतीय पक्ष्यांवरील ग्रंथात हिंदी, तेलुगू, तमिळ या नावांबरोबर मराठी नावेही दिलेली आहेत. ती नावे त्याला देणारे शिकारी व फासेवाले मात्र बहुतांशी अनामिक राहिले. मोल्सवर्थच्या कोशाची दुसरी आवृत्ती १८५७ ची; त्यात मराठी पक्षिनावांचा मोठा साठा आहे, परंतु कोशकाराचे प्रयोजन भाषिक असल्यामुळे काही नावांपुढे शास्त्रीय ओळख, तर काहींपुढे केवळ ‘एक पक्षी’ असा मोघम निर्देश येतो.

१८८३ मध्ये मुंबईत बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीची स्थापना झाली. तिच्या आठ संस्थापकांत डॉ. आत्माराम पांडुरंग व डॉ. सखाराम अर्जुन हे दोन मराठी वैद्य होते, याचा उल्लेख आवर्जून केला पाहिजे; निसर्गाभ्यासाचे वेड हे केवळ साहेबांकडून आलेले उसने वेड होते, या समजाला त्याने छेद जातो. त्याच आठांत सातारा येथे १८५१ मध्ये जन्मलेले एडवर्ड हॅमिल्टन एटकेन होते. ‘एहा’ या टोपणनावाने त्यांनी लिहिलेले खेळकर निसर्गलेख आणि मुंबईच्या सामान्य पक्ष्यांवरील १९०० मधील पुस्तक यांनी शास्त्राची रुक्ष यादी वाचनीय केली.

छंद एकाकडून दुसऱ्याकडे कसा जातो, याचे सर्वपरिचित उदाहरण येथूनच सुरू होते. १९०८ च्या सुमारास सलीम अली या लहान मुलाने हवेच्या बंदुकीने एक चिमणी मारली. तिच्या गळ्यावर पिवळा ठिपका होता. ही कोणती चिमणी, हे विचारण्यास तो सोसायटीत गेला. तेथील मानद सचिव मिलार्ड यांनी त्याला पक्ष्यांचा संग्रह दाखविला आणि एहांची पुस्तके वाचावयास दिली. प्रसंग सर्वश्रुत असला तरी त्यातील एक बाब सहसा निसटते : मुलाचा प्रश्न नावाचा होता. ‘ही चिमणीच, पण नेहमीची नव्हे, मग हिला म्हणावयाचे काय?’ प्रचलित नाव अपुरे पडण्याच्या त्या क्षणी जिज्ञासा जागी झाली, आणि उत्तर देणारा भेटला म्हणून ती टिकली. १९४१ मध्ये त्याच सलीम अलींचे भारतीय पक्ष्यांवरील सचित्र पुस्तक निघाले आणि बंदुकीऐवजी दुर्बीण व पुस्तक हाती घेऊन पाखरे ओळखणारा नवा वर्ग देशात निर्माण झाला. मात्र हा व्यवहार प्रामुख्याने इंग्रजीत चालत असे. पातूरच्या माध्यमिक शाळेतील विद्यार्थ्याला किंवा मेळघाटातील वनरक्षकाला त्या मंडळींत शिरण्यास वाट नव्हती.

५

नावाचा मोघमपणा आणि नोंदीचा अप्रामाणिकपणा यांची किंमत काय, हे रानपिंगळ्याच्या इतिहासावरून कळते. १८७२ मध्ये एफ. आर. ब्लेविट याने आजच्या छत्तीसगडातील फुलझर भागात एक लहान घुबड मिळविले; १८७३ मध्ये ए. ओ. ह्यूम याने (पुढे राष्ट्रीय सभेच्या स्थापनेत ज्याचा पुढाकार होता तोच हा) त्याचे वर्णन करून त्याला ब्लेविटचे नाव दिले. त्यानंतर खानदेशात शहादा परिसरात जेम्स डेव्हिडसन या सनदी अधिकाऱ्याने आणखी नमुने जमविले. त्यांतील शेवटचा १८८४ चा. पुढे शंभरांहून अधिक वर्षे हा पक्षी कोणाही शास्त्रज्ञास आढळला नाही. १९१४ मध्ये गुजरातेत आपणास तो मिळाला, असा दावा कर्नल माइनर्ट्झहागेन याने केला होता. हा नमुना वस्तुतः डेव्हिडसनच्याच जुन्या नमुन्यांपैकी एक असून त्यावर खोटी चिठ्ठी लावलेली आहे, असे पामेला रासमुसेन व नायजेल कॉलर यांनी १९९९ मध्ये सप्रमाण दाखविले. त्या खोट्या चिठ्ठीमुळे शोधकांची दिशा चुकली. खऱ्या चिठ्ठ्यांवरील स्थळांचा माग घेत रासमुसेन, बेन किंग व डेव्हिड ॲबट हे शहाद्याजवळ पोहोचले आणि २५ नोव्हेंबर १९९७ रोजी त्यांना जिवंत रानपिंगळा दिसला. पुढील काही वर्षांत तो मेळघाटातही आढळला.

या ११३ वर्षांत सातपुड्यातील रहिवाशांच्या दृष्टीस तो पडत नव्हता, असे म्हणणे धाडसाचे ठरेल. तो दिवसाही वावरणारा पक्षी आहे. त्याचे पाहणे आणि संग्रहालयातील चिठ्ठी या दोहोंना जोडणारा सामाईक शब्द नव्हता, एवढेच खात्रीने म्हणता येते. ‘पिंगळा’ या एकाच नावाखाली गावचा पिंगळा आणि रानातला पिंगळा झाकले गेले. ‘रान’ हे पद मागे लागले आणि मराठीत तो वेगळा, सांगण्याजोगा पक्षी झाला. आज मेळघाटात रानपिंगळा पाहावयास येणारा विद्यार्थी तो शब्द इतक्या सहजतेने वापरतो, की त्यामागचा हा इतिहास त्याच्या लक्षातही येत नाही.

६

या तीन परंपरांना मराठीत एकत्र आणण्याचे श्रेय विदर्भात ज्यांना प्रामुख्याने द्यावे लागते ते मारुती चितमपल्ली (१९३२–२०२५). जन्माने सोलापूरचे असलेले हे वनाधिकारी नवेगाव, नागझिरा, मेळघाट या अरण्यांत राहिले. नवेगाव येथील माधवराव पाटील डोंगरवार यांच्यासारख्या जाणत्या गावकऱ्याकडून आपण काय शिकलो, हे त्यांनी कृतज्ञतेने नोंदविले. जर्डनच्या काळी माहिती देणारा अनामिक राहत असे. येथे तो नावानिशी गुरू म्हणून ग्रंथात आला. हा फरक केवळ सौजन्याचा नाही, ज्ञानाच्या स्वामित्वासंबंधीची दृष्टी बदलल्याचे ते चिन्ह आहे. बगळ्यांच्या वसतीला ‘सारंगागार’, कावळ्यांच्या वसतीला ‘काकागार’ असे शब्द त्यांनी रूढ करू पाहिले. त्यांचा ‘पक्षिकोश’ २००२ मध्ये निघाला; त्यात शास्त्रीय व संस्कृत नावांच्या जोडीला प्रदेशोप्रदेशीची बोलीनावे आली. ग्रंथातील नाव, शास्त्रातील नाव आणि रानातील नाव एका पृष्ठावर येणे, ही मराठी कोशरचनेच्या इतिहासातील महत्त्वाची घटना मानली पाहिजे.

दरम्यान छंदाला संघटनेचे रूप येत होते. १९८१ मध्ये लोणावळ्यास पक्षिमित्रांचे पहिले राज्यव्यापी संमेलन भरले, आणि पुढे ही संमेलने महाराष्ट्राच्या निरनिराळ्या भागांत भरत राहिली. येथे व्यवहाराची भाषा मराठी होती. म्हणून शिक्षक, डाकघरातील लेखनिक, शेतकरी, वनरक्षक यांना त्यात वाव मिळाला. चितमपल्लींचा जन्मदिवस ५ नोव्हेंबर आणि सलीम अलींचा १२ नोव्हेंबर. या दोन तारखांमधील आठवडा राज्य शासनाने २०२० पासून पक्षी सप्ताह म्हणून स्वीकारला. दोन जन्मतिथींचा हा योग सूचक आहे : एकाने शास्त्राची ओळख करून दिली, दुसऱ्याने तिला मराठी नाव दिले.

७

आता पातूरच्या दक्षिणेकडील पठारावर जाऊ. वाशीम हा १ जुलै १९९८ पर्यंत अकोला जिल्ह्याचाच भाग होता, आणि या दोन्ही जिल्ह्यांतील गवताळ माळांवर पावसाळ्यात तणमोर येतो. उंच गवतातून नर वारंवार हवेत उडी घेतो. त्या उडीवरूनच त्याचा ठाव लागतो, आणि त्या उडीमुळेच तो पूर्वी शिकाऱ्याच्या तावडीत सहज सापडे. ‘तणमोर’ हे नाव पारदर्शक आहे : तणातला मोर. हिंदीत तो ‘खरमोर’, गुजरातीत ‘खडमोर’. ‘खर’ व ‘खड’ म्हणजेही गवत. तीन भाषांनी एकाच पाखराला एकाच रीतीने नाव द्यावे, याचा अर्थ त्याचे गवताशी असलेले अतूट नाते लोकांनी शास्त्राच्या कितीतरी आधी ओळखले होते.

या दोन जिल्ह्यांत ‘संवेदना’ या संस्थेने फासे पारधी समाजाबरोबर तणमोराच्या व माळरानांच्या रक्षणाचे काम उभे केले. तणमोर कोठे येतो, कधी येतो, कोणत्या उंचीच्या गवतात घरटे करतो, हे सांगणारे जाणते याच समाजात होते. ज्यांच्या बापजाद्यांनी फासे मांडले, त्यांच्यातील तरुण आज माळ राखतात व पाखरांच्या नोंदी ठेवतात. याचा अर्थ पारध्याला पक्षिप्रेम ‘शिकविले’ गेले, असा लावणे अन्यायाचे होईल. निरीक्षण त्याचेच होते. बदलला तो निरीक्षणाचा हेतू आणि ऐकणाऱ्याचा कान. दीडशे वर्षांपूर्वी ज्याचे म्हणणे कोणी ऐकत नव्हते, त्याच्या नोंदीला आता संशोधनात स्थान मिळू लागले, हे या इतिहासातील सर्वांत महत्त्वाचे वळण होय.

८

येथपर्यंतचा प्रवास समाधानकारक वाटेल. परंतु त्यातून एक नवा प्रश्न उद्भवला आहे. पक्षिमित्रांच्या व्यवहारासाठी एका पक्ष्याला एकच प्रमाण मराठी नाव असावे, ही अपेक्षा रास्त आहे, आणि त्या दिशेने याद्याही सिद्ध झाल्या आहेत. भारद्वाज, कुंभारकुकडा, कुक्कुडकुंभा, सोनकावळा ही सर्व एकाच पाखराची नावे, हे ठाऊक नसलेल्या दोन निरीक्षकांच्या नोंदी जुळणार नाहीत. तथापि प्रमाण नाव हे दुवा म्हणून आले तर उपकारक, आणि वारस म्हणून आले तर घातक. शाळेत ‘भारद्वाज’ शिकलेला मुलगा घरी आजीचे ‘कुंभारकुकडा’ अशुद्ध म्हणून टाकून देतो, तेव्हा एका शब्दाबरोबर त्या पाखराविषयी आजीला जे ठाऊक होते तेही टाकून दिले जाते.

वऱ्हाडीच्या बाबतीत हा धोका अधिक आहे. या बोलीत प्रमाण मराठीतील ‘ळ’चा अनेकदा ‘य’ होतो. ‘डोळा’ हा ‘डोया’, ‘केळं’ हे ‘केयं’. त्याच नियमाने ‘बगळा’ हा ‘बगया’ होतो. हा उच्चार निष्काळजीपणाचा नसून नियमबद्ध आहे, हे आपल्या विद्यार्थ्यांस सांगावयास नको. परंतु पक्षिनोंदी करणारा स्वयंसेवक तो ऐकताच दुरुस्त करून लिहितो आणि मूळ पुरावा नाहीसा होतो. पारध्यांच्या घरबोलीतील नावांची स्थिती याहून नाजूक आहे. शिकार सुटली, ही इष्ट गोष्ट झाली. पण शिकारीबरोबर जी शब्दसंपत्ती वापरली जात होती तिचा उपयोगही सुटला. माळरान नांगराखाली गेले की तेथील पाखरू जाते, आणि पाखरू गेले की त्याचे नाव एका पिढीत विसरले जाते.

म्हणून प्राणिशास्त्र व भाषाशास्त्र या दोन विभागांनी एकत्र येऊन करावयाचे काम स्पष्ट आहे. पातूर तालुका त्यासाठी आकाराने आटोपशीर व वैविध्याने संपन्न असा घटक आहे. प्रत्येक नाव जसे उच्चारले जाते तसेच लिहावे. ते सांगणाऱ्याचे गाव, वय, समाज व व्यवसाय नोंदवावा. पाखराच्या स्वराचे तो जे अनुकरण करतो ते ध्वनिमुद्रित करावे. आणि जाणत्या निरीक्षकाकडून पाखराची ओळख पटवून मगच त्यापुढे शास्त्रीय व प्रमाण नाव लिहावे. सांगणाऱ्याची संमती घेऊन त्याचे ऋण संग्रहात मान्य करावे. एका पावसाळ्यात व एका हिवाळ्यात पदव्युत्तर वर्गातील चारपाच विद्यार्थ्यांना हे काम पार पाडता येईल. ज्यांना तितराच्या सादेतील भेद कानाने कळतात अशी माणसे वयोवृद्ध आहेत. या कामाला मुहूर्त पाहत बसण्याइतका अवधी त्यांच्यापाशी नाही आणि आपल्यापाशीही नाही.